पाचची नोंद

९ फेब्रुवारी

वही तयार झाली. बांधणी विभागात कापून उरलेले कागद फेकून देतात. त्यातले महिनाभर थोडे थोडे बाजूला ठेवले आणि आज मुकादमाच्या नाकासमोर बसून शिवले. तो म्हणाला, "काय रे, कादंबरी लिहिणार की काय?" मी म्हटलं, "नाही, लॉगबुक." त्याला गंमत वाटली.

जुन्या सवयीने रकाने आखले आहेत. वेळ, काय झालं, शेरा. एकवीस वर्षं बॉयलरवर काढली. दर तासाला दाब, पाणी, पंप आणि खाली सही. कोऱ्या पानावर नुसतं लिहीत सुटणं मला जमायचं नाही.

का लिहितोय तेही एकदाच लिहून टाकतो. मुदतपूर्व सुटकेचा अर्ज तिसऱ्यांदा करतोय. शिक्षा दहा वर्षांची, त्यातली सहा वर्षं आठ महिने भोगून झाली. कल्याण अधिकारी बाई म्हणाल्या, "मनात चालतं ते रोज लिहीत जा, सुटका मंडळापुढे बोलायला सोपं जाईल." माझ्या मनात रोज एकच चालतं. मी निर्दोष आहे. ते कुठेतरी माझ्या हाताने, माझ्या वहीत लिहिलेलं असावं. दुसऱ्या एका वहीत माझ्या नावावर जे खपवलं गेलं, त्याला हे उत्तर.

संध्याकाळी मोजणी झाली, सगळे हजर. दिवे. झोप.

१० फेब्रुवारी

कालची शेवटची ओळ खोडली. मोजणीत एक कमी भरला आणि दीड तास आम्ही सगळे उकिडवे बसून राहिलो. शेवटी सापडला, संडासात चक्कर येऊन पडला होता. गुडघे आज दिवसभर बोलतायत. घाईत लिहिलं की असं होतं. एरवी रोज सगळे हजरच असतात, कालच नेमकी माशी शिंकली.

१४ फेब्रुवारी

अर्जाचा नमुना हातात आला. चार पानं. अकरावा प्रश्न तोच: "केलेल्या गुन्ह्याबद्दल बंद्यास पश्चात्ताप झाला आहे काय? असल्यास स्वतःच्या शब्दांत लिहावे." मागच्या दोन्ही वेळा मी लिहिलं होतं, "गुन्हा केलेला नाही, सबब लागू नाही." दोन्ही वेळा अर्ज परत. कारण, बंदी जबाबदारी स्वीकारत नाही.

आमच्या बरॅकीत सगळ्यांचे अर्ज मास्तर लिहितो. बाहेर मुख्याध्यापक होता. आत कशात आला ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. पश्चात्ताप लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याच्याकडे तीन मसुदे तयार असतात: साधा, मध्यम आणि रडवणारा.

मला म्हणाला, "तुला मध्यम देतो. तुझ्या केसमध्ये दोन बायका गेल्यात, साध्यावर भागायचं नाही."

"मास्तर, मी केलंच नाही."

"अरे, केलं म्हणून कुठे लिहायचंय? वाईट वाटतं एवढंच लिही. तुला काय वाईट वाटत नाही?"

वाटतं. रोज वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि सही करणं वेगळं. सही म्हणजे काय ते बॉयलरवाल्याला विचारा. मी मसुदा परत दिला. मास्तर म्हणाला, "मग बस कुजत." रागावला की तो शाळेतल्यासारखा बोलतो.

२२ फेब्रुवारी

मुलाखत. लेक आली. कामावरून सरळ आली होती, नर्सचे निळे कपडे अंगावर. दर वेळी वाटतं की जाळी मध्ये नसती तर तिच्या खांद्याला लागलेला दोरा काढून टाकला असता.

तिची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. तेव्हापासून आम्ही दोघंच. मी आत आलो तेव्हा ती पंधरा वर्षांची, मग माझ्या ताईने तिला आपल्या घरी नेलं. आता बाविशीला आली. लांबच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून तिला दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा तिने नोकरीवर पाणी सोडलं, कारण माझ्या सुटकेला जामीनदार इथला लागतो. मी किती सांगितलं, पण ऐकत नाही. बापावर जीव आहे तिचा.

मी म्हटलं, "पाचची नोंद माझी नव्हती हे एकदा त्यांनी मान्य करू दे. मग बघ कसा ताठ मानेने बाहेर येतो."

ती नखाने जाळीवरचा गंज खरवडत बसली. मग म्हणाली, "बाबा, सही करून टाका ना."

"तूसुद्धा?"

"मला तुम्ही घरी यायला हवे आहात. बाकी काही नको."

वेळ संपली. परत येताना मला तिचा थोडा रागच आला. कोर्टात हीच पोर माझ्या बाजूने न रडता उभी राहिली होती. आता तिचाही विश्वास उडत चालला असेल तर मी कुणाच्या जिवावर भांडायचं?

३ मार्च

मंडळापुढे सलग सांगता यावं म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो.

आमचा धुलाई कारखाना. तीन हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे यायच्या. एका बाजूला बॉयलरघर, त्याला लागून इस्त्रीघर. इस्त्रीला दोघीजणी. एक मोठी बाई, एक धाकटी बाई, सगळे त्यांना असंच म्हणायचे. जून महिना. दुपारी चारची नोंद मी केली. दाब सात, पाणी मापाच्या काचेत अर्ध्यावर, पंप चालू, सही. मग लेक फाटकाशी आली, शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल घेऊन. मी दोन मिनिटांसाठी गेलो. चार चाळीसला बॉयलर फुटला.

पंप मध्येच बंद पडला होता. बॉयलरमधलं पाणी आटलं, आत नुसतं तापून लाल झालेलं लोखंड, आणि मग पंप आपोआप सुरू होऊन त्यावर गार पाणी पडलं. मधली भिंत इस्त्रीघरावर गेली. मोठी बाई आणि धाकटी बाई दोघी जागीच गेल्या. पंप खराब आहे असं मी शेऱ्याच्या रकान्यात दोनदा लिहिलं होतं. मॅनेजर म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू.

मॅनेजर सुटला आणि मी अडकलो, ते लॉगबुकामुळे. ढिगाऱ्यातून कडेने जळालेलं लॉगबुक निघालं आणि त्यात पाचचीही नोंद होती. दाब सात, पाणी अर्धं, पंप चालू, सही. म्हणजे चार चाळीसला फुटलेला बॉयलर पाचला मजेत चालला होता! सरकारी वकील म्हणाला, हा माणूस काचेकडे न बघता रकाने भरतो. अक्षरतज्ज्ञ म्हणाला, अक्षर याचंच. पण ते पुस्तक पोलिसांकडे जायच्या आधी दोन दिवस ऑफिसात पडून होतं हे कुणी बघितलं नाही. मॅनेजरच्या कारकुनाला माझं अक्षर चांगलं जमायचं. मी तेव्हाही हेच म्हणालो, आजही म्हणतो. एकवीस वर्षांत न पाहिलेला आकडा मी लिहिलेला नाही.

लेकीची साक्ष झाली होती. "बाबा दोन मिनिटं आले, मार्क विचारले, परत वळले आणि आवाज झाला." तेवढ्यानेच शिक्षा दहावर आली, नाहीतर जन्म गेला असता.

१९ मार्च

ताई गेली. सकाळी फोन आला, मला दुपारी कळलं. पॅरोलचा अर्ज लगेच दिला, तीन दिवसांसाठी. मास्तरने शाई वाळायच्या आत लिहून दिला.

२३ मार्च

पॅरोल नामंजूर. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. खाली एक ओळ: "बंद्यास कृत्याचा पश्चात्ताप नाही." ताईला मरून चार दिवस झाले. नामंजूर झालं नसतं तरी आता कशाला जाणार होतो?

लेक तिथे एकटी आहे. ताईचं घर ताईच्या दिराचं. तिला तिथून निघावं लागेल. हे सगळं मी आत बसून ऐकायचं.

५ एप्रिल

आजच्या पानावर "लेक आली, बरी आहे" असं लिहिलेलं खोडलं. ती आली नाही, घर बदलत होती. चहाच्या वेळी मास्तर माझी वही चाळत होता, परवानगी न घेता. म्हणाला, "काय रे, ही मोजणीची ओळ आत्ता, दुपारीच?"

"रोजचंच असतं. मोजणी, दिवे, झोप. नंतर कंटाळा येतो."

"मग कशाला लिहितोस?"

"रकाना मोकळा दिसला की बरं वाटत नाही," मी म्हटलं. त्याला काय कळणार, त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या.

२८ एप्रिल

कल्याण अधिकारी बाईंनी ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाईच्या नवऱ्याचं पत्र आलंय. तो शिंपी आहे. सुटकेच्या अर्जावर मेलेल्यांच्या घरच्यांना विचारतात, हरकत आहे का म्हणून. धाकटीच्या घरून कधीच उत्तर येत नाही. शिंप्याने मागच्या दोन्ही वेळा हरकत घेतली होती. यंदा लिहिलंय, "माझी हरकत नाही. मी आता थकलो. फक्त त्या माणसाने पाचची नोंद कुणी लिहिली ते मला एकदा खरं सांगावं."

बाई म्हणाल्या, "बघा, चांगली संधी आहे. मंडळाचे अध्यक्ष नवीन आहेत, मवाळ आहेत. गुन्हा कबूल करू नका हवं तर. नैतिक जबाबदारी घेतो एवढं लिहिलंत तरी मी शेरा चांगला देईन."

"आणि शिंप्याला काय सांगू?"

"जे खरं असेल ते सांगा."

खरं तर मी सात वर्षं सगळ्यांना सांगतोच आहे. शिंप्यालाही सांगेन, कारकुनाने लिहिली म्हणून.

११ मे

तीन दिवस विचार केला आणि लिहिलं. "माझ्या पाळीत दोन जीव गेले, त्याची नैतिक जबाबदारी मी घेतो." मास्तरने त्यात "अंतःकरणपूर्वक" घालायला लावलं. सही केली. यात खोटं काही नाही. पाळी माझीच होती.

लेकीला तिसऱ्यांदा बोलावणं आलंय. एक जुलैला हजर व्हायचंय. ते म्हणाले, हे शेवटचं, पुन्हा विचारणार नाही. मंडळ बारा जूनला बसणार आणि सुटका झाली तर महिन्याच्या शेवटी, म्हणजे एकोणतीसला, होते. तसं झालं तर आम्ही दोघंही तिकडेच जाऊ, पत्ता बदलायची परवानगी मागता येते. नाही झालं तर ही पोर पुन्हा माझ्यासाठी थांबेल, आणि आता तर तिला घरही नाही. सगळं बारा जूनवर येऊन थांबलंय.

३ जून

मन थाऱ्यावर नाही, पण चांगल्या अर्थाने. बाईंनी फाइल पुढे पाठवली. बांधणी विभागात मुकादमसुद्धा "पाहुणे" म्हणून हाक मारतो. आज रिकाम्या वेळात पुढची पानं आखून काढली आणि एकोणतीस जूनच्या पानावर सुटकेची नोंद लिहून टाकली. त्या दिवशी गडबडीत वेळ कुठला मिळायचा? चांगली झालीय.

६ जून

मला हे लिहायला हवं. हे पान शिवणीतून अलगद काढता येईल असं आहे, बांधणीत काम केल्याचा तेवढा फायदा. कुणाच्या हाती लागलं तर लेक अडचणीत येईल.

आज मुलाखतीला मी खुशीत होतो. लेकीला सगळं सांगितलं, शिंप्याची हरकत नाही, बाईंचा शेरा चांगला. मग म्हटलं, "मी तर सुटकेच्या दिवसाची नोंदसुद्धा लिहून आलोय. आता निवांत."

तिने दोन्ही हातांनी जाळी धरली. मला वाटलं तिला घेरी येतेय.

"काय म्हणालात?"

"अगं, लिहून ठेवलंय म्हटलं. आधीच."

तिने मागे वळून पाहिलं. हवालदार पलीकडच्या टोकाला होता. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हाही हेच म्हणाला होतात."

"कधी?"

"फाटकाशी. आपण पायरीवर बसलो होतो. मी विचारलं, पाच वाजायला आले असतील, तुम्हाला जायला नको का? तुम्ही म्हणालात, पाचचं लिहून आलोय, बस निवांत, सगळे मार्क वाच."

"मी दोन मिनिटं होतो."

"अर्धा तास, बाबा. सगळे विषय वाचून झाले होते. भूगोलात कमी का पडले ते तुम्ही विचारत होतात, तेव्हा आवाज झाला."

"कोर्टात तू..."

"कोर्टात मी दोन मिनिटं म्हटलं. मला कुणी पढवलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही आपल्या दोघांसाठी खोटं बोलताय. मग तुम्ही दर मुलाखतीला तेच सांगत राहिलात. कारकुनाने लिहिलं, कारकुनाने लिहिलं. मला कळेना की तुम्हाला खरंच आठवत नाही, की माझ्यासमोरही..." तिने जाळी सोडली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी आले नसते तर तुम्ही आत असता."

"आत असतो तर मेलो असतो."

"किंवा काच बघितली असती."

वेळ संपली. ती वळून न बघता गेली. सात वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं, आणि मी समजत होतो की तिचा माझ्यावरचा विश्वास उडालाय.

७ जून

वही पहिल्या पानापासून वाचली. मोजणीच्या ओळी, "लेक आली, बरी आहे", "दिवसभर काही विशेष नाही" असं सकाळी सकाळीच लिहिलेलं. न पाहता लिहिलेल्या नोंदी मोजल्या. एकोणीस निघाल्या. त्यातल्या कितीतरी खऱ्या ठरल्या म्हणून खोडलेल्या नाहीत.

मला आठवत नाही. हे मी शपथेवर लिहीन. पाचचा रकाना भरल्याचं मला काही केल्या आठवत नाही. डोळे मिटले की चारची नोंद दिसते, हातातलं पेन दिसतं आणि मग एकदम फाटक. पण काल दुपारी मोजणीची ओळ लिहिल्याचंही मला आठवत नव्हतं. ती आज वही उघडल्यावर दिसली.

कारकुनाला मी सात वर्षं शिव्या दिल्या. बिचारा नंतर वारला असं ऐकलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

९ जून

जेवण गेलं नाही. मास्तर म्हणाला, "मंडळाची भीती वाटते का?" मी म्हटलं, "मास्तर, समजा मीच लिहिली असेल तर?"

तो हसला. "आता कशाला? नैतिकवर भागतंय ना? गप्प बस. चांगल्या चाललेल्या गाड्याला खीळ घालू नकोस."

पंप खराब होता हे खरं आहे. मॅनेजरने दुरुस्त केला नाही हेही खरं आहे. पण चार ते चार चाळीसमध्ये कुणी काचेकडे एकदा बघितलं असतं तर आग बंद करून दोघींना बाहेर हाकलायला वेळ होता. ते बघायचा पगार मला मिळत होता. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच पाचची नोंद माझी असणं मला परवडणारं नव्हतं.

गप्प बसलो तर एकोणतीसला लेकीबरोबर गाडीत असेन.

१२ जून

मंडळ. लांब टेबल, पलीकडे पाच जण, मध्ये अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. माझा कागद त्यांनी वाचला आणि म्हणाले, "नैतिक जबाबदारी. ठीक आहे. आणखी काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "पाचची नोंद मी लिहिली. चारच्या नोंदीबरोबरच लिहिली आणि बाहेर गेलो."

कडेला बसलेल्या बाईंनी मान वर केली. अध्यक्ष म्हणाले, "सात वर्षं नाही म्हणत होता. आज कसं सांगताय?"

"आठवलं."

हे एक खोटं मी त्या खोलीत बोललो. आठवलेलं नाही, पण कुणी सांगितलं ते मला सांगता येत नव्हतं. एक सदस्य शेजाऱ्याला म्हणाला, "अगदी वेळेवर आठवलं," आणि दोघं हसले.

शिंपी मागच्या बाकावर होता. उंच, वाकलेला, गळ्यात टेप तशीच राहिलेली. अध्यक्षांनी त्याला विचारलं, काही बोलायचंय का. तो उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"फाटकाशी. पायरीवर."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"काय करत होता?"

"लेकीचे मार्क ऐकत होतो."

"किती पडले होते?"

"एक्क्याऐंशी टक्के."

त्याने मान हलवली, चांगले आहेत अशी, आणि खाली बसला. मला वाटलं संपलं. मग तो पुन्हा उठला आणि अध्यक्षांना म्हणाला, "साहेब, हरकत नाही म्हणून मी लिहून दिलंय, तो कागद मला परत मिळेल का?"

२० जून

अर्ज नामंजूर. "बंद्याने जबाबदारी स्वीकारली असली तरी मृताच्या कुटुंबाची तीव्र हरकत लक्षात घेता पुढील वर्षी विचार व्हावा." बाईंनी कागद दिला आणि नेहमीसारखं समजावलं नाही. नुसतं म्हणाल्या, "चहा घेणार?" मी घेतला.

मास्तर कपाळावर हात मारून बसला. "अरे, मी तुला मध्यम मसुदा देत होतो! त्यात सगळं होतं, फक्त खरं नव्हतं. तुला खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?" दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी आपला साबण मला देऊन गेला.

शिंप्याचा मला राग येत नाही. आणायचा प्रयत्न करून बघितला.

२७ जून

मुलाखत. लेक म्हणाली, "मी जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, जामीनदार लागेलच." मी तिला पुरतं बोलूच दिलं नाही. इतक्या वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता. हवालदारही बघायला लागला.

"तू त्या दिवशी निकाल घेऊन आलीस. एवढंच तू केलंस. काच बघणं हे माझं काम होतं, तुझं नव्हतं. तू पंधरा वर्षांची होतीस. सात वर्षं भरलीस, माझ्या बरोबरीने. तुझी सुटका मी मंजूर करतो. जा."

ती रडायला लागली. "तुम्ही तिथे माझं नाव..."

"नाही. मला आठवलं म्हणालो."

"आठवलं का?"

"नाही," मी म्हटलं. "पण तू सांगितलंस ना. मला पुरे आहे."

ती खूप रडली. मग नाक पुसून गाडीची वेळ सांगितली. एकोणतीस तारीख, संध्याकाळी पाच. जामीनदाराचं पुढच्या वर्षी बघू. जाताना तिने जाळीतून एक बोट आत घातलं, ते मी धरलं. हवालदार दुसरीकडे बघत राहिला.

सहा जूनचं पान अजून काढलेलं नाही. तिची गाडी सुटली की काढीन. काढीन असंही आत्ता लिहायला नको होतं.

२९ जून

~~अकरा वाजता फाटक उघडलं. लेक बाहेर उभी होती, निळ्या कपड्यांत. मी ताठ मानेने बाहेर आलो. ती म्हणाली, बाबा, शेवटी तुमचंच खरं झालं. दोघं पायीच निघालो. हवा स्वच्छ.~~

वरचं सगळं आज खोडलं. आजची नोंद खाली.

दुपारी ३. बांधणी विभाग. सव्वीस वह्या शिवल्या. एकीचा दोरा सैल होता, उसवून पुन्हा घातला.

४. चहा झाला. मुकादम आता "पाहुणे" म्हणत नाही.

४.४०. हातातलं काम खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मुकादमाने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. वीस मिनिटं किती लांब असतात ते मला माहीत नव्हतं. एवढ्या वेळात माणूस बॉयलरभोवती चार फेऱ्या मारून येतो.

५. घंटा झाली. मग पेन उचललं. ~~लेकीची गाडी सुटली.~~

हे मी पाहिलेलं नाही. खोडलं.